मला काय लागतं!

सव्वीस वर्षांचा संसार मोडला, तेव्हा फर्निचरवाल्याची बायको दोन बॅगा घेऊन भावाकडे आली. भाऊ काही बोलायचा नाही. पण वहिनी रोज सकाळी सहाला बाहेरच्या खोलीतला दिवा लावून उभी राहायची, म्हणजे हिने सोफ्यावरचं अंथरूण आवरावं. असं वर्ष काढलं. मग तिने एक खोली पाहून ठेवली. भाडं अकरा हजार आणि आतून लावायला स्वतःची कडी. पोटगी ठरली की तिथे जायचं, एवढीच तिची आस होती.

"पस्तीस हजार मागितलेत," तिच्या वकीलबाईने बजावलं. "विचारतील तेवढंच बोला. पाल्हाळ नको."

पण स्वभाव काय चपलेसारखा कोर्टाबाहेर काढून ठेवता येतो थोडाच!

नवऱ्याचा वकील मोठा गोडबोल्या. "ताई, घर तुम्हीच चालवायचात?"

"मग कोण?"

"खर्च पुष्कळ होत असेल, नाही?"

सव्वीस वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्याचं पालुपद एकच, तुला काय कळतं. बाई फुललीच. विरलेली चादर मधोमध कापायची, कडा मध्ये आणून शिवायच्या, आणखी चार वर्षं निघतात. साबणाचे तुकडे दाबून नवी वडी होते. दाढ ठणकली तेव्हा लवंग धरली, पण डॉक्टरची पायरी चढली नाही. दुकानाची दोन दुकानं झाली तरी घरखर्चाला एक पैसा वाढवून मागितला नाही, हेही तिने सांगून टाकलं. वकीलबाई दोनदा खाकरली. पालथ्या घड्यावर पाणी!

न्यायाधीशांनी मान वर केली. "तुम्हाला एकटीला महिन्याला किती लागतं?"

"मला काय लागतं!" ती हसली. "सात-आठ हजारांत आरामात भागतं."

वकीलबाईने डोळे मिटून घेतले.

हिच्या डोक्यात प्रकाश पडला तोवर कारकुनाचं टाइप करून झालं होतं. "नाही, म्हणजे तेव्हा भाडं नव्हतं..." तिने सांगून पाहिलं. पण खोली अजून घेतलेली नव्हती आणि भावाकडे तर ती फुकटच राहत होती.

महिन्याभराने निकाल लागला. आठ हजार. अर्जदाराची राहणी पहिल्यापासून साधी, गरजा मोजक्या, असं त्यात लिहिलं होतं. उधळ्या बाईला जास्त मिळालं असतं. म्हणजे हिला शहाणपणाचा दंडच झाला की!

नवरा जिन्यापाशी थांबला होता.

"काही म्हण, घर छान चालवलंस तू," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता.

आणि मेलं ते मन! तिला बरं वाटलं. क्षणभर का होईना, अगदी आतून बरं वाटलं. तो जिना उतरून गेला तरी ती तिथेच उभी होती. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती. मग तिने खोलीवाल्या बाईला फोन लावला आणि खोली दुसऱ्या कोणाला देऊन टाका म्हणून सांगितलं.