तोंडपाठ नंबर

निमगाव केतकीच्या दत्तोबाला एक खोड होती. कारखान्यातून उसाच्या वजनाची पावती आली, की तीवरचा ट्रॅक्टरचा नंबर तो तोंडपाठ करून टाकायचा. एका वर्षी त्याची खेप भलत्याच्याच नावावर चढली होती, तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला होता.

दोन हंगामांमागं त्याचे शेजारी मोहनराव गेले. भवानीनगरहून मोटारसायकलवर येताना उसाच्या ट्रॅक्टरनं त्यांना उडवलं आणि ट्रॅक्टर पळाला. दत्तोबा बांधावर उभा होता. दिवस मावळलेला, त्याला दिसली ती ट्रॉलीची पाठ आणि धुरळा. पोलिसांना त्यानं तसंच सांगितलं. पण मोहनरावांची मुलगी वृषाली ऐकेना. "काका, तुमी डोळ्यांनी पाहिलंय. मनात कुठंतरी असंल," म्हणत तिनं त्याला बारामतीत एका संमोहनवाल्याकडं नेलं. मऊ खुर्ची, पंख्याचा वारा, त्या माणसाचा गोड आवाज. डोळे मिटले आणि दत्तोबाच्या तोंडून अख्खा नंबर बाहेर पडला. पोलिसांनी नवा जबाब घेतला, कोऱ्हाळ्याच्या संदेश ड्रायव्हरला धरलं. गाव म्हणालं, नजर असावी तर दत्तोबाची! खरं सांगायचं तर त्याला गुदगुल्याच झाल्या.

साक्षीच्या दिवशी सकाळी आधार कार्ड शोधताना एक जुनी पावती हाताला लागली. तोच नंबर. अपघाताच्या चार दिवस आधी संदेशनं दत्तोबाचाच ऊस नेला होता. दत्तोबानं पावतीवरची तारीख पुन्हा वाचली. संमोहनात जे वर आलं ते रस्त्यावरचं नव्हतंच, त्यानंच घोकलेलं होतं. दारात वृषाली गाडी घेऊन उभी. साठीचा माणूस, पण तोंड उघडायची छाती झाली नाही. तो गुपचूप गाडीत बसला.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलं, "नंबर तुम्ही स्वतः पाहिला?"

"व्हय," दत्तोबा म्हणाला. संमोहनाचं नाव कुणी काढलं नाही, त्यानंही नाही.

उलटतपासणी जेवणानंतर होती. सुट्टीत तो नळावर तोंड धूत होता, तर मागं जामिनावर सुटलेला संदेश उभा. शिव्या घालील, घालू दे, असं दत्तोबाला वाटलं.

"आबा, त्या वक्ताला दोन दिस डोळ्याला डोळा न्हवता माझ्या," संदेश हळूच म्हणाला. "धडक बसल्याचं आठवत न्हाय. पर तुमच्यासारखा माणूस खोटं कशापायी बोलंल? माझ्याच हातनं झालं असंल. आईला तसं सांगितलंय म्या."

दत्तोबाची मान वर होईना. जगाच्या नजरेत तर त्यानं ह्या पोराला गुन्हेगार केलंच होतं, आता पोर स्वतःच्या नजरेतही झालं होतं. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

जेवणानंतर संदेशच्या वकिलांनी तोच प्रश्न विचारला.

"न्हाय साहेब. पाहिला न्हाय," दत्तोबा म्हणाला. "माझ्या उसाच्या पावतीवर वाचला हुता. सकाळी खोटं बोललो."

जज्जसाहेबांनी त्याला भर कोर्टात झापलं.

बाहेर जिन्यापाशी वृषाली उभी होती. ती ना रडली, ना ओरडली.

"मग माझ्या वडलांना मारलं कुणी, काका?"

निदान हिला तरी खरं सांगावं, म्हणून दत्तोबानं डोळे मिटून ती ट्रॉली आठवून पाहिली. तिच्या पाठीवर तोच नंबर लख्ख दिसत होता.