बेरिलच्या बंदुकीला पाजलेलं तेल

जावयाला हलणारी वस्तू दिसली की तिला तेल पाजायची खोड होती. साखळ्यांच्या कारखान्यात रॉयचं कामच ते. पण कारखान्यातलं कारखान्यात ठेवून यावं की नाही माणसाने? घरातल्या बिजागऱ्या झाल्या, शिवणयंत्र झालं, लेकीची बाबागाडी झाली. बेरिल हिंगली इतके दिवस दातओठ खाऊन गप्प होती. पण शनिवारी सकाळी तिने मागच्या अंगणात आपली छर्‍याची बंदूक चढवली, चाप ओढला, आणि नेहमीच्या ‘थप्’ऐवजी ‘फाट्’ झालं. नळीतून निळा धूर निघाला. छर्रा नेमाची पाटी सोडून शेजारणीच्या भिंतीवर आपटला.

“रॉऽय!”

रॉय गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून धावत आला.

“माझ्या बंदुकीला हात कोणी लावला?”

“थोडं तेल घातलं, आई. कोरडी वाजत होती. म्हटलं आज अंतिम सामना, तुम्हाला बरं पडेल.”

“थोडं म्हणजे किती?”

रॉयने चिमूट दाखवली. बेरिलने डोळे वटारले तशी चिमूट रुंद होत होत वीतभर झाली.

“अरे देवा! ते काय केक भिजवणं आहे? आत स्प्रिंग सुटते, दट्ट्या धावतो, हवा दाबली जाते. त्या हवेत तेल असलं की ते पेटतं. भडका कधी एवढा, कधी तेवढा. मग मी नेम धरायचा कशावर, तुझ्या कपाळावर?”

“पण यंत्राला तेल—”

“बाहेरच्या सांध्यांना! आतल्या चामड्याला वर्षातून थेंबभर. ते कधी घालायचं ते मी ठरवते!”

ही बंदूक तिच्या नवऱ्याने, स्टॅनने निवडलेली. बर्मिंगहॅमच्या दुकानदाराने भिंत फोडतील अशा जोरदार बंदुका पुढे केल्या होत्या. स्टॅनने एकेक चढवून, कानाशी धरून, सगळ्यांत मऊ स्प्रिंगची ही उचलली. पबांच्या सामन्यात नेम धरून घंटा वाजवायची असते, त्याला जोर लागतच नाही. लोखंडी पाटीला बोट जाईल एवढं भोक, भोकामागे घंटा. छर्रा आत गेला की ‘टिंग’, नाही गेला की ‘खट्’. सगळा पब कान देऊन ऐकत असतो. स्टॅन गेल्यापासून रेड काऊ पबच्या संघात शेवटचा नेम बेरिलचा. पण परवाच संघाचा म्होरक्या होरेस टिबेट्स तिला म्हणाला होता, “बेरिल, तुझे डोळे थकलेत. शनिवारी चुकलीस तर पुढच्या हंगामात ती जागा रॉयची.”

आणि त्याच रॉयने आज हा उद्योग करून ठेवला होता.

“माझी बंदूक घ्या ना,” रॉय म्हणाला.

“तुझी? ती खेचरासारखी लाथा झाडते. राहू दे.”

आता एकच उपाय होता, आतलं तेल जळेपर्यंत बार काढत राहणं. बेरिल चढवत राहिली, सोडत राहिली. खांदा भरून आला. शेजारीण फ्लोरीने भिंतीवरून डोकं काढलं.

“बेरिल, माझ्या चादरींना मासे तळायच्या दुकानासारखा वास येतोय गं!”

“माझ्या जावयाला सांग! त्याला धुवायला पाठवते!”

रॉय अपराधी तोंड करून शेजारी उभा राहिला आणि आपल्या बंदुकीने सराव करू लागला. तेही तिला बघवेना.

“गळा दाबतोयस का तिचा? स्प्रिंग सुटली की ती मागेपुढे होणारच. होऊ दे की! तळहातावर नुसती ठेव. माझ्या लेकीचा, मॉरीनचा हात असा आवळला असतास तर लग्नच झालं नसतं तुझं.”

दुपारी धूर थांबला. छर्रे मात्र अजून मनाला येईल तसे जात होते, कधी वर, कधी खाली. बेरिलने बंदूक पुसली आणि कोणाला काही न सांगता पबमध्ये गेली.

रेड काऊमध्ये त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. रॉयची पाळी तिच्या आधी होती. त्याने बंदूक तळहातावर ठेवली, नुसती ठेवली, आणि एकामागून एक सगळ्या घंटा वाजवल्या. लोक टेबलं बडवायला लागले. बेरिलला अभिमान वाटला, आणि वाटला म्हणून रागही आला.

मग ती उभी राहिली. टिंग. टिंग. टिंग. टिंग. आणखी एक घंटा वाजली की चषक रेड काऊचा. तिने श्वास सोडला, चाप ओढला.

खट्.

छर्रा भोकाच्या वरच्या काठावर. पाहुण्या संघाने टोप्या उडवल्या. होरेस पेला खाली ठेवून हळूच म्हणाला, “डोळे का, बेरिल?”

तेलाचं नाव काढलं असतं तर जागा राहिली असती. पण मग हरल्याचं खापर जावयावर, आणि या गावात लोक असलं काही मरेपर्यंत विसरत नाहीत. बेरिलने मान ताठ केली.

“डोळे. दुसरं काय असणार? जागा रॉयला दे.”

“खोटं आहे!” रॉय खुर्चीवर चढून ओरडला. “मी तेल ओतलं त्यांच्या बंदुकीत! अर्धी डबी! डोळे ठीक आहेत आईंचे. जागा त्यांचीच!”

सगळा पब हसत सुटला. पाहुण्यांचा म्होरक्या हसून हसून बाकावर आडवा झाला. होरेसही डोळे पुसत होता. “बरं बाबा, शेवटचा नेम बेरिलचाच!”

रॉय खाली उतरला आणि शाबासकीची वाट बघत तिच्यासमोर उभा राहिला. बेरिलने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“अर्धी डबी? मला चिमूट दाखवून फसवतोस? आणि मी आयुष्यात एकदा तुझी लाज झाकायला गेले, तर खुर्चीवर चढून दवंडी पिटतोस? तेल कुठे घालू नये आणि तोंड कधी उघडू नये, यातलं एकही तुला कळत नाही, रॉय. पण बंदूक आज माणसासारखी धरलीस. माझ्या आधीचा नेम आता कायमचा तुझा. आणि ते तोंड मिटव, माशी जाईल.”