नाझलीची चार मिनिटं

त्या गुरुवारी नाझलीच्या पदरात पडायची होती मोजून चार मिनिटं. तिसऱ्या अंकात नवऱ्याला सोडून निघालेली बायको दाराशी उभी राहून एकटीच बोलते, तेवढी. अकरा वर्षं थोर नट बहगत दमनहूरींच्या शेजारी उभं राहून चहा ओतल्यावर तिला ती मिळाली होती. आणि अलेक्झांड्रियातल्या उन्हाळी मोसमाचा हा शेवटचा खेळ टिपायला टीव्हीचे कॅमेरे आले होते.

मी हिलाल, प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला खोक्यात बसतो, डोकं तेवढं वर. तिथून मी बहगतसाहेबांचं सगळं आयुष्य पाहिलं, तेही खालून. पहिली भूमिका प्रेताची, मग चोर, मग पाशा, मग साठ सिनेमांतला प्रियकर. आताशा त्यांची वाक्यं समुद्राच्या वाऱ्यावर निघून जात. मी ती धरून परत वर देत असे.

आमच्याकडे मोठा नट पहिल्यांदा आत आला की नाटक थांबतं. लोक टाळ्या वाजवतात, नट छातीवर हात ठेवून उभा राहतो. टाळ्या ओसरल्या की पहिलं वाक्य. त्या दिवशी लोक उठून उभेच राहिले. टाळ्यांची एक लाट विरेपर्यंत दुसरी यायची. मागचा पडदा झोपेत श्वास घेतल्यासारखा फुगत होता. बहगतसाहेब त्या आवाजात तरंगत राहिले, तरंगत राहिले, आणि त्यांची समजूत झाली की नाटक संपलं.

"सांभाळून जा हं सगळे," असं म्हणून ते वाकले आणि निघाले.

"उस्ताद, 'चहा कुठाय?'" मी कुजबुजलो.

"हिलाल, तू अजून बसलायस? घरी जा की! बायको लाटणं घेऊन उभी असेल."

लोक खो खो हसले. नाझलीने त्यांची बाही धरली. "आणि तुमची बायको? अख्ख्या गल्लीचा निरोप घेतलात, मी काय भिंतीवरचं चित्र आहे? बसा इथं!"

बसले. पण नाटकात काही परतले नाहीत. त्यांच्या दमनहूर गावच्या कालव्यात डुंबणारी म्हैस, प्रेत झालेले असताना आलेली शिंक, जे आठवेल ते बोलत गेले. नाझली प्रत्येक वाक्याला आमच्या नाटकातला संसार जोडत गेली. मी नुसती पानं उलटत होतो.

तिसरा अंक आला. ती दाराशी गेली, कॅमेरा तिच्याकडे वळला. ती तोंड उघडणार तोच खुर्चीतून बहगतसाहेबांचा आवाज आला, "आई, निघालीस? मला एकट्याला भीती वाटते."

नाझलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला पहिला शब्द दिला. परत दिला. तिने नकारार्थी मान हलवली, प्रेक्षकांकडे पाठ करून त्यांच्यापाशी बसली आणि म्हणाली, "कुठं नाही जात रे. झोप तू."

पडदा तिथंच पडला.

निर्मात्याला चित्रीकरण मिळालं. वर्तमानपत्रांना 'उस्तादांची सर्वांत अफाट भूमिका' मिळाली. लोकांना डोळे पुसत घरी जायला मिळालं. बहगतसाहेबांना एकाच खेळात दोन निरोप मिळाले, एक सुरुवातीला टाळ्यांचा, एक शेवटी आईचा. ते नाटक अजून टीव्हीवर लागतं, त्यात शेवटी नाझलीची पाठ दिसते. तिची चार मिनिटं गेली. बाकी कुणाचं काही गेलं नाही.