टॅफीच्या पाठीवरचे कोरडे डाग

जत्रेत वासराला फास टाकण्याच्या स्पर्धेत मैते उगाल्देनं रुलन टिपेटला हरवलं आणि बक्षिसाचं खोगीर जिंकलं. कातड्यावर कोरलेली फुलं, मागच्या कडेला चांदीची पट्टी, पट्टीवर तिचं नाव. नेव्हाडातल्या त्या खोऱ्यात बायकांपैकी कुणालाच आजवर ते मिळालं नव्हतं. तिचं जुनं खोगीर त्याच आठवड्यात माळ्यावर गेलं.

तेव्हापासून तिची घोडी बिघडली. टॅफी इतकी गरीब, की लहान पोरंसुद्धा तिच्या पोटाखालून जात. आता खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याला, तंगाला, हात लावला की ती कान मागे पाडायची, दात दाखवायची. मैतेनं एकदा तिच्या नाकाडावर चापट दिली. ‘‘नखरे पुरेत!’’ खोगीर नीट बसत नव्हतं, मागे सरकायचं, म्हणून तिनं खाली आणखी एक जाड लोकरी नमदा घातला आणि तंग अजून आवळला. असं करू नये हे तिला ठाऊक होतं. लहानपणी वडिलांनी तिला हेच तर सगळ्यांत आधी शिकवलं होतं. पण रुलनकडे वासरांना मालकीचा डाग द्यायला सगळं खोरं जमणार होतं, आणि तिथं तिला याच खोगिरावर बसून जायचं होतं.

गेलीही. लोकांनी पट्टीवर बोटं फिरवली. ‘‘बसायला तरी परवानगी आहे का, की नुसतं बघायचं?’’ रुलन म्हणाला. त्याचं खोगीर म्हणजे ठिगळांचं गाठोडं.

‘‘तू त्या गाठोड्यावरच बस बाबा,’’ मैते म्हणाली. सगळे हसले.

दुपारी जेवणाआधी सगळ्यांनी खोगिरं उतरवली. मैतेनंही उतरवलं. टॅफीची पाठ घामानं काळी झाली होती, फक्त खांद्यांमागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढे डाग कोरडे ठक्क होते. खोगिराच्या सांगाड्यानं तिथं इतकं दाबलं होतं की घामसुद्धा फुटला नव्हता. पुढच्या पायाच्या कोपराशी तंगाखाली कातडीची घडी अडकून सोललेली.

शेजारच्यांनीही ते पाहिलं. त्या खोऱ्यात ते डाग कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते. कुणी टोपी सारखी केली, कुणी नळाकडे निघालं. निदान कुणी हसलं असतं तर बरं, असं मैतेला वाटलं.

रुलन स्वतःचं खोगीर घेऊन आला. ‘‘तिच्या पाठीला हे बसेल. रुंद आहे. तंग जरा मागे घे, सोललंय तिथं लागणार नाही.’’

‘‘नको.’’

‘‘अगं, मी चेष्टा नाही करत.’’

‘‘माहीत आहे रे. म्हणून तर नको.’’ मैते म्हणाली. ‘‘घोडी मला महिनाभर सांगत होती, रुलन. आणि मी तिला मारलं.’’

 रुलन खोगीर तसंच कुंपणावर ठेवून गेला.

दुपारभर मैते धुळीत उभी राहून वासरांना लस टोचत होती. ते काम घोडा नसलेल्यांचं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती तिथं का आहे ते कळत होतं, आणि तिनं मान वर केली नाही.

घरी पोचल्यावर तिनं टॅफीची पाठ कोमट पाण्यानं धुतली. डागांजवळ हात गेला की कातडी थरथरायची. जखमा भरेपर्यंत ती घोडीवर बसली नाही. मग माळ्यावरून जुनं खोगीर काढलं. ते अलगद पुढे ठेवून मागे सरकवलं, खालून हात फिरवून कुठं दाबत नाही ना ते पाहिलं. तंग एकदम न आवळता थोडा थोडा घेतला, मधे घोडीला चार पावलं चालवलं, तिचे पुढचे पाय पुढे ओढून तंगाखालची कातडीची घडी मोकळी केली. कुठंही बोचत नव्हतं.

तरी टॅफीनं मान वळवली आणि तिच्या दंडाला कचकन चावा घेतला.

‘‘घे,’’ मैते म्हणाली, आणि हात मागे न घेता तशीच उभी राहिली.