मागच्या गल्लीचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा टँकर आहे आणि मला शांत उभे राहणे जमत नाही. हा दोष माझ्या स्वभावाचा नाही, जन्माचा आहे. टाकीच्या पोटात आडव्या पट्ट्या बसवतात, म्हणजे चालताना पाणी हिंदकळत नाही. माझ्या कंत्राटदाराने त्या पट्ट्याच गाळल्या. वेल्डर म्हणाला, "मालक, टाकी अर्धी झाली की नाचेल." मालक म्हणाले, "नाचू दे. बाहेरून कोणाला दिसतंय?" तेव्हापासून पाणी पुढे धडकते, मागे धडकते आणि माझ्या जिवाला चैन नसते.

बाहेरून मात्र मी देखणा होतो. निळा रंग, आणि दोन्ही बाजूंना साहेबांचा हसरा चेहरा. साहेब म्हणजे आमच्या भागातून निवडून आलेले पुढारी. मला घेतले होते लोकांच्या करातून, पण चेहऱ्याखाली लिहिले होते, 'साहेबांच्या कृपेने'. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

सुरुवातीची वर्षे कौतुकात गेली. मी वळणावर दिसलो की बायका हंडे-बादल्या घेऊन धावत आणि मुले माझ्या पाठीवर थापा मारत. एक आजी नळीखाली ओंजळ धरून म्हणे, "साहेबांचं भलं होवो!" मी फुगून जाई. पाणी तलावाचे, गाडी लोकांची आणि भले साहेबांचे, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आले नाही.

माझ्या वाट्याला पुढची आणि मागची अशा दोन गल्ल्या होत्या. निवडणुकीत त्या शाळेच्या वेगवेगळ्या खोल्यांत मतदान करीत. मते खोलीवार मोजली जातात, त्यामुळे कोणत्या गल्लीने कोणाला हात दिला ते झाकून राहत नाही. त्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावर दोन्ही गल्ल्यांत खोदकाम झाले, घरोघर नळ बसले. साहेब निवडून आले. पण मागच्या गल्लीने विरोधातल्या एका शिक्षिकेला मते दिली होती.

पुढच्या गल्लीचे नळ वाहू लागले. मागच्या गल्लीला सांगितले गेले की त्यांची मोठी पाइप अजून जोडायची आहे. त्याच आठवड्यात साहेबांचा उजवा हात माझ्या दाराशी आला. त्याला सगळे होयबा म्हणत, कारण साहेब शिंकले तरी तो 'हो' म्हणे. तो ड्रायव्हरला म्हणाला, "मागच्या गल्लीत आता वळायचं नाही. कोपऱ्यावर मी दाखवतो तिथे गाडी उभी करायची. हातभरही इकडेतिकडे नको."

ड्रायव्हरची थोरली बहीण मागच्या गल्लीतच राहत होती. तिचे धुलाईचे दुकान होते. दवाखान्याच्या चादरी धुण्याचे काम तिला मोठ्या खटपटीने मिळाले होते आणि चादरी वेळेवर गेल्या नाहीत तर ते जाणार होते. एका सकाळी ती तरातरा कोपऱ्यावर आली.

"भाऊ ना रे तू माझा? गाडी इथे उभी आणि माझे हौद कोरडे!"

"ताई, ही नोकरी साहेबांनी लावलीय. तोंड वर करून बोलू कसा? तूच एकदा त्यांच्या ऑफिसात जा आणि चारचौघांत 'चुकलं आमचं' म्हण. मग पाणी सोडतो म्हणालाय होयबा."

"काय चुकलं? मत दिलं ते?"

तो फडके घेऊन माझी काच पुसू लागला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

ताई माफी मागायला गेली नाही. ती पाणीखात्यात गेली, पुन्हा पुन्हा गेली आणि शेवटी एका फिटरला घेऊनच आली. फिटर म्हणाला, "पाइप कधीच जोडलीय हो. व्हॉल्व्ह बंद आहे. इथेच कुठेतरी असणार." जमिनीकडे बघत बघत तो माझ्यापाशी आला आणि वाकला. व्हॉल्व्हचे झाकण माझ्या मागच्या चाकाखाली होते.

होयबा धावतच आला. "गाडी बंद पडलीय. हलायची नाही. इंजिनाचं मोठं काम निघालंय."

"मग मी 'अडथळा' लिहून जातो," फिटर म्हणाला. मग त्याने ड्रायव्हरला विचारले, "खरंच बंद आहे का हो?"

ताईने भावाकडे पाहिले आणि मान फिरवली.

ड्रायव्हर वर चढला. रोज खोकून खोकून सुरू होणारा मी त्या दिवशी पहिल्याच झटक्यात सुरू झालो. खोटे कशाला सांगू, इतका आनंद मला माझ्या कौतुकाच्या दिवसांतही झाला नव्हता. मी चांगला गाडीभर पुढे सरकलो. फिटरने झाकण उचलले. नळांनी आधी हवा ओकली, मग गंज, मग पाणी.

संध्याकाळच्या आत ड्रायव्हरची नोकरी गेली. आता तो ताईच्या दुकानात चादरींच्या घड्या घालतो, आणि त्याही वाकड्या, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

मी एका आवारात गंजत पडलो होतो. पण परवा रंगारी आला. निवडणूक जवळ आली आहे म्हणे. जुन्या चेहऱ्यावर साहेबांच्या पुतण्याचा चेहरा चढतो आहे. मला कोणत्या नव्या गल्लीत नेणार, या विचाराने मला झोप नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा 'आम्हाला जपा' म्हणतात. मी म्हणणार नाही. मला खुशाल गंजू द्या. तरीही कधी मी तुमच्या दारात आलो तर पाणी जरूर भरा, तहानेला थांबता येत नाही. आभार मात्र मानू नका. हंडा खाली ठेवा, वाकून बघा आणि विचारा, मी कशावर उभा आहे.