कप्प्यात कोंडलेले पान तीनशे बारा

मित्रांनो, तुम्ही मला बहुधा पुस्तक म्हणणार नाही. माझ्यात गोष्ट नाही, कविता नाही. चित्रे आहेत, पण तीही चाकांची आणि बटणांची. मी एका निळ्या चारचाकीबरोबर कारखान्यातून आलेली माहितीपुस्तिका आहे. वय अकरा वर्षे, पाने चारशे सहा. त्यांतली एकोणतीस पाने आज माझ्यापाशी नाहीत. ती कशी गेली, हे सांगायचे म्हणजे आधी माझी कैद सांगायला हवी.

मी छापली गेले तेव्हा गाडीचे इंजिन बनवणारी माणसे माझ्या एकाच पानावर शेवटपर्यंत खल करत होती. ते पान तीनशे बारा. त्यावर दोनच गोष्टी आहेत. इंजिनात घालायचे ऑइल किती पातळ हवे, ही पहिली. आणि ऑइलच्या डब्यामागे गाडीच्या कंपनीच्या मान्यतेचा कोणता क्रमांक छापलेला हवा, ही दुसरी. आमचे इंजिन लहान, पण त्यात एक इवलेसे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेते. त्या चाकाला आणि इंजिनाला वाचवतो तो ऑइलचा केसाहून बारीक थर. तो थर कडाक्याच्या थंडीतही क्षणात पोचला पाहिजे. म्हणून आमच्या ऑइलच्या नावात पहिला आकडा शून्य आहे. हा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत चटकन वाहते. पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत ताकीद आहे : दुसरे ऑइल वापरू नये.

माझी मालकीण ओरिसिया ह्नातियुक. सस्कॅचेवान या थंड प्रांताच्या सपाट मुलखातल्या होरोदोक गावची. म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालणे, औषधे देणे, दवाखान्यात नेणे, हे तिचे काम. दिवसाला दीडशे किलोमीटर खडीच्या रस्त्यांवर. गाडी घेतली त्या आठवड्यात तिने मला उघडले, सीट गरम करायचे बटण शोधले, घड्याळ लावले आणि मला मिटले. पहिली दोन वर्षे गाडी विकणाऱ्यांकडेच ऑइल बदलले जाई. ते बरोबर ऑइल घालत. मग ते दुकान यॉर्क्टन शहरातून हलले आणि गाडी बोहदानच्या हाती गेली.

बोहदान तिचा थोरला भाऊ. शेती करणारा, पंच्याण्णव किलोचा, हसरा माणूस. त्याच्या शेडमध्ये काळ्या जाड ऑइलचे एक मोठे पिंप होते. ट्रॅक्टरला तेच, कापणीच्या यंत्राला तेच, पिकअप ट्रकलाही तेच.

"बोहदान, पुस्तकात बघ ना एकदा," ओरिसिया म्हणाली.

"पुस्तकं वकील लिहितात गं. ऑइल ते ऑइल! माझा ट्रॅक्टर सत्तावीस वर्षांचा आहे, त्याने कधी पुस्तक मागितलं नाही."

ती हसली. मी कप्प्यात होते. माझे पान तीनशे बारा माझ्या पोटात होते, आणि पिंपातले पंधरा आकड्याचे जाड ऑइल आमच्या इंजिनात ओतले जात होते. त्याचा वास मला येत होता. मला हाक मारता येत नव्हती.

त्याच वर्षी कप्प्याची कडी तुटली. खड्ड्यात चाक गेले की झाकण उघडायचे आणि मी शेजारी बसलेल्याच्या मांडीवर पडायची. शेजारी बोहदान असला की ओरिसिया मला उचलायची आणि म्हणायची, "बघ, हे तुझ्याकडेच येतंय. वाच एकदा!" तिसऱ्या वेळी बोहदान उतरून शेडमध्ये गेला. त्याने एक लांब स्क्रू आणला आणि झाकणातून आरपार पिळला.

"आता नाही पडायचं," तो म्हणाला.

मित्रांनो, तो अंधार चार वर्षांचा होता. उन्हाळ्यात माझी पाठ तापून डिंक सुटायचा, हिवाळ्यात पाने एकमेकांना चिकटायची. बाहेर ओरिसिया गाणे गुणगुणायची, म्हातारी माणसे तिला दुखणी सांगायची. मला सगळे ऐकू येई. इंजिनही ऐकू येई. थंडीच्या सकाळी ते सुरू होताना घशात काही अडकल्यासारखे खरडायचे. ओरिसिया रात्रभर इंजिनाच्या हीटरची वायर घराच्या प्लगला लावून ठेवायची, म्हणून ते तगले. पण तिसऱ्या हिवाळ्यात त्यातून टक्-टक् आवाज येऊ लागला.

"थंडीमुळे," बोहदान म्हणाला. "माझे गुडघेही असेच वाजतात."

चौथ्या हिवाळ्यातला, जानेवारीतला तो बुधवार. ओरिसिया दिदो प्रोकोपना न्यायला निघाली. दिदो म्हणजे त्यांच्याकडे आजोबा. ते तिचे नात्यातले नव्हते, पण सारे गावच त्यांना दिदो म्हणे. वय एक्क्याऐंशी, दोन्ही मूत्रपिंडे निकामी. आठवड्यातून तीनदा यॉर्क्टनच्या हॉस्पिटलात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. सोमवारची फेरी वादळामुळे चुकली होती. पाय सुजले होते, श्वास लागत होता. बुधवार चुकून चालणार नव्हते.

उणे अडतीस तापमान होते. दिदोंच्या अंगणातला प्लग नेमका बंद. ओरिसियाने त्यांना खाऊ घातले, कपडे चढवले, औषधे भरली. तोवर गाडी दोन तास वाऱ्यात उभी होती. तिने किल्ली फिरवली. इंजिन कण्हले, थांबले, पुन्हा कण्हले आणि कसेबसे सुरू झाले. खाली ऑइल मधासारखे गोठले होते. वर धातूवर धातू घासत होता. मला तो आवाज माझ्या शिवणीत जाणवत होता.

अकरा किलोमीटरवर स्टिअरिंगमागचा लाल दिवा लागला. मग एक मोठा ठोका बसला, आणि सगळे शांत झाले.

"काय झालं गं?"

"बंद पडली, दिदो." तिने मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडून सांगण्यात आले की वाऱ्याने रस्ता बर्फाखाली गेला आहे, बर्फ काढणारी गाडी दुपारशिवाय येणार नाही, काहीही झाले तरी गाडीतून उतरू नका. तिने बोहदानला फोन केला. तो म्हणाला, "निघालो." त्याचे शेत चाळीस किलोमीटरवर होते.

काचा आतून पांढऱ्या झाल्या. ओरिसियाने डिकीतून घोंगडी आणि कॉफीच्या डब्यातली मेणबत्ती काढली. मेणबत्तीने हात शेकले, पाय नाही. दिदोंचे सुजलेले पाय मोठ्या बुटांत होते आणि बुटांत गार हवा खेळत होती.

"लहानपणी आम्ही बुटात वर्तमानपत्र कोंबायचो," दिदो म्हणाले. "कागद चुरगळून. फार ऊब धरतो."

"कागद कुठून आणू?" ती म्हणाली, आणि तिची नजर स्क्रूवर गेली. "आत एक पुस्तक आहे."

तिने हातमोजा काढला. दहा सेंटचे नाणे स्क्रूच्या खाचेत धरून ती फिरवू लागली. बोटे बधिर होत, नाणे निसटे. ती बोटांवर फुंकर मारी आणि पुन्हा धरी. कितीतरी वेळाने झाकण पडले. चार वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. पांढरा, गोठलेला, पण उजेड.

"फाडा," ती म्हणाली.

"थांब. वाचल्याशिवाय मी कागद फाडत नाही. बत्तीस वर्षं धान्याच्या गोदामावर होतो मी." त्यांनी चष्मा सरसावला. "रेडिओची स्टेशनं. लागणार नाहीत. घे."

पान फाटले. दुखले, खोटे कशाला सांगू? ते चुरगळून त्यांच्या टाचेखाली गेले.

"सनरूफ. आपल्याला आहे का?"

"नाही."

"मग घे. ट्रेलर ओढण्याची पद्धत. घे."

एकेक पान वाचून ते देत राहिले. आधी त्यांच्या बुटांत, मग हट्ट करून तिच्या बुटांत. बोलता बोलता त्यांना धाप लागे, आणि ती म्हणे, "वाचत राहा, दिदो. झोपू नका." मी पहिल्यांदा कुणाच्या कामी येत होते, आणि पान पान करून संपतही होते. मग ते थांबले.

"ओरिसिया. यात कोणतं ऑइल घालतेस?"

"बोहदानच्या पिंपातलं."

त्यांनी पान तीनशे बारा मोठ्याने वाचले. शून्यापासून ताकिदीपर्यंत. ती समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत राहिली.

"हे चार वर्षं इथंच होतं," ती हळूच म्हणाली. "माझ्या गुडघ्यापासून हातभर."

"हे पान नाही फाडायचं," दिदो म्हणाले, आणि त्यांनी मला कोटाच्या आत, छातीशी धरले. त्यांचे काळीज अडखळत चालले होते.

तीन तासांनी बोहदान ट्रॅक्टर घेऊन आला. पुढच्या फावड्याने बर्फ बाजूला सारत, दाढीवर बर्फ लोंबत. त्याने दिदोंना मुलासारखे उचलून केबिनमध्ये ठेवले. हमरस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. दुपारी दोनला दिदो यंत्रावर होते. आणखी एक दिवस गेला असता तर हृदय बंद पडले असते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ओरिसिया बाहेर बाकावर बसल्या बसल्या झोपली. आत पलंगाशी बोहदान टोपी कुरवाळत बसला होता. दिदोंनी मला त्याच्या हातात दिले. "तीनशे बारा. वाच."

"चष्मा नाही आणला."

"तू चष्मा लावतोस कधीपासून?"

मित्रांनो, आपल्याला कोणी वाचत असेल तर पुस्तकाला कळते. नजर ओळीवरून चालते. बोहदानची नजर एका जागी उभी होती.

"गोदामात तू दर वेळी म्हणायचास, 'पावतीवर काय लिहिलंय सांगा, माझे हात मळलेत,'" दिदो म्हणाले. "हात स्वच्छ धुतलेले असायचे, बाळा."

बोहदानने मला मांडीवर ठेवले आणि आपल्या तळहातांकडे पाहिले.

"अक्षरं जागा बदलतात," बोहदान म्हणाला. "शाळेत बाई म्हणायच्या, आळशी आहे. आठवीनंतर गेलोच नाही. ओरिसियाला वाटतं मी हट्टी आहे. हट्टी म्हटलेलं बरं असतं, दिदो. ते पुस्तक सारखं बाहेर पडायचं, आणि ती म्हणायची वाच. म्हणून मी तो स्क्रू पिळला."

चार वर्षे मी त्याच्यावर रागावले होते. मला वाटे, कोंडलेली मी एकटीच आहे.

"तिला सांग," दिदो म्हणाले.

"नाही जमणार."

"मग आधी वाचायला शीक."

त्यानंतर आठवड्यातून तीनदा दिदोंना यॉर्क्टनला बोहदानच नेऊ लागला, आपल्या पिकअपमधून. मी दिदोंच्या मांडीवर. यंत्रावरचे चार चार तास ते दोघे माझ्यावर घालवत. दिदो एका कोऱ्या कार्डाला फट पाडून माझ्यावर ठेवत, म्हणजे एका वेळी एकच शब्द दिसे. "घाई काय आहे? मी कुठं पळून चाललोय?" असे म्हणत. बोहदानला घाम फुटे. कधी तो चिडून उठून जाई आणि कॉफी घेऊन परत येई.

आमचे इंजिन वाचले नाही. बोहदानने मोडीतल्या दुसऱ्या तशाच गाडीचे इंजिन आणले आणि मार्चभर शेडमध्ये खपून बसवले. मग ऑइल आणायला मला काखोटीला मारून तो दुकानात गेला. बरोबर ओरिसिया होती.

"हे घ्या, शून्यवालं, पातळ," विक्रेता म्हणाला.

बोहदानने डबा उलटा केला. मागच्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवले. मग माझ्यावरून. पुन्हा डब्यावरून. "यावर क्रमांक नाही."

"काका, शून्य असलं की झालं. सगळं सारखंच असतं."

"मीही असंच म्हणायचो," बोहदान म्हणाला. "माझ्या बहिणीची गाडी त्यामुळेच बंद पडली. क्रमांकवालं दाखव."

विक्रेत्याला मागच्या मांडणीत जाऊन शोधावे लागले. क्रमांक जुळला, एकेक आकडा करत. ओरिसिया भावाकडे चमकून बघत होती.

शेडमध्ये तिने नरसाळे धरले. बोहदान डबा उघडून थांबला.

"आधी वाचतो," तो म्हणाला. मला त्याने बॉनेटच्या कडेला टेकवले, कार्ड ठेवले आणि पान तीनशे बारा वाचायला घेतले. एक शब्द. मग दुसरा. मधेच चुकला, मागे गेला, पुन्हा आला. चौदा ओळींना बहुधा दहा मिनिटे लागली. पहिल्या तीन ओळींतच ओरिसियाला सगळे कळले. नरसाळे तिच्या हातात कलत गेले. शेवटची ताकीद त्याने दोनदा वाचली.

तिने डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. "पुढचं पान वाच," एवढेच म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही माझे एखादे भावंड कप्प्यात पडून असेल. त्याला बाहेर काढा, ऑइलचे पान शोधा आणि डब्यामागचा क्रमांक स्वतः जुळवून बघा. समोरचा सगळे सारखेच म्हणाला तरी बघा. आणि घरातले कोणी मोठे माणूस पुस्तक हातात घेऊन नुसतेच बसले असेल, तर त्याला हसू नका. शेजारी बसा, आणि हळूहळू, मोठ्याने, त्याच्याबरोबर वाचा.