पोच्यासकट गाडी

नवरा गेला, सांत्वनाला आलेल्यांचे कप अजून विसळायचे होते, तेवढ्यात धाकट्या दिरांनी आमच्या लॉन्ड्रीच्या व्हॅनची किल्ली खुंटीवरून काढून खिशात टाकली. “वहिनी, तुमच्या डोक्याला कशाला ताप?” म्हणाले. वास्तविक व्हॅन मीच चालवायचे. नवऱ्याला रिव्हर्स कधी जमलाच नाही. पण त्या दिवशी वाद घालायचं बळ माझ्यात नव्हतं.

बळ आल्यावर मी विमा कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं: गाडी आणि विमा दोन्ही गेलेल्या माणसाच्या नावावर आहेत. वारस दोघी, मी आणि सासूबाई. आधी एकीच्या नावावर गाडी करा, मग विमा. तोवर ती रस्त्यावर काढू नका; काढलीत आणि ठोकलीत, तर दुरुस्ती तुमच्याच गळ्यात. घरी येऊन मी हे शब्दन्‌शब्द सांगितलं. दीर हसले. “घरचीच गाडी आहे. नाव कुणाचं का असेना, चाकं तीच.”

मी हट्टाला पेटले. हॉटेलांच्या चादरी हातगाडीवरून पोचवू लागले. चढावर दम लागायचा, तोंडात शिव्या यायच्या, त्या सगळ्या मी दिरांच्या नावे जमा करत होते. ते मात्र व्हॅनमधून मित्रांना घेऊन ऐटीत फिरत होते. एका सकाळी व्हॅन परतली ती पुढचं एक दार चेपूनच. फाटकाचा खांब मध्ये आला म्हणे. खांब बिचारा चालत आला असणार.

संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलाशी सासूबाई आणि मी चादरींच्या घड्या घालत होतो. दिरांनी समोर एक कागद सरकवला. दादाने जाण्याआधीच गाडी त्यांना विकली, असं त्यावर छापलेलं. खाली सहीची जागा रिकामी.

“दादाची सही तुम्हाला येते,” ते म्हणाले.

येत होती. नवऱ्याचे हात सदा साबणाने ओले, म्हणून हॉटेलांच्या पावत्यांवर त्याची सही वर्षानुवर्षं मीच ठोकायचे. शेवटी शेवटी माझी त्याच्याहून बरी यायची. यावर आम्ही सगळे पोट धरून हसायचो, आणि आता तीच गंमत दिरांनी पेनासकट माझ्यापुढे धरली होती.

“करून टाक गं,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “विम्यातून दार नीट होईल. घरातलं घरात राहील.”

माझं डोकंच फिरलं. “आई, तो गेल्यावर त्याच्या हातून गाडी विकून घेताय तुम्ही. आणि भाऊजी, खोटं तरी धड बोला. गाडी घेतली म्हणून विमा तिच्या मागोमाग येत नाही. नव्या मालकाला तो आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. तुम्ही घेतलात? नाही ना? मग या कागदाने दार दुरुस्त होणार नाही, फक्त गाडी तुमची होईल.”

दिरांचा चेहरा पडला. हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. “मग दाराचं काय करायचं?”

“राहू दे तसंच. पोच्यासकट चालवीन, पण माझ्या नावावर. ती सही मी त्याच्यासाठी करत होते. तुमच्यासाठी करणार नाही.”

सासूबाई एकच चादर पुन्हा पुन्हा उलगडत आणि घडी घालत राहिल्या. मग ती बाजूला ठेवून धाकट्याला म्हणाल्या, “किल्ली दे तिला.”

गाड्यांच्या नोंदणी कचेरीत आम्ही दोघी पायीच गेलो. तिथला कारकून सासूबाईंना म्हणाला, “आजी, पोटचा मुलगा असताना सुनेच्या नावावर? नीट विचार करा.”

“विचार करूनच आलेय,” त्या म्हणाल्या. “मुलाला खांब दिसत नाही.”

गाडी माझ्या नावावर झाली, विमाही झाला, तेव्हा मी व्हॅन बाहेर काढली. सासूबाई सवयीने मागे कपड्यांच्या गाठोड्यांवर चढू लागल्या.

“आई, पुढे या. माझ्या शेजारी.”

“तिथे तो बसायचा,” त्या म्हणाल्या, आणि आवाज फाटला. मलाही रडू आवरेना.

“म्हणूनच तुम्ही बसा.”

चेपलेलं दार अडकलं होतं. दीर उघडायला पुढे झाले. सासूबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं, दोन्ही हातांनी दार ओढून उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.